असा माल आता बनते कुठं

घरात पाच-पाच कूलर असून माणसं उकाड्यानं शिजतात, असं घर नागपुरात दुसरं सापडायचं नाही. मनीषनगरातल्या दुसऱ्या मजल्यावर ते होतं आणि प्रेमिला भोयर त्यात राहत होती. पाचांतले चार कूलर जाड पत्र्याचे, तिच्या लग्नाच्याही आधीचे, आणि त्यातल्या एकाचीही मोटर फिरत नव्हती. पाचवा चालायचा. पण तो ज्या खिडकीला लावायचा तिच्यापुढे एक गोल पोटाचा जुना फ्रिज ठाण मांडून होता. फ्रिज हलवावा तर समोर लाकडी शटरचा टीव्ही, आणि टीव्हीच्या डोक्यावर दोन टेपरेकॉर्डर.

हा सगळा प्रपंच तिच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा. गोपाळरावांनी उभी नोकरी बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. आपल्या सहीशिवाय तिथं एक नट आत यायचा नाही की बाहेर जायचा नाही, हे ते चारचौघांत अजूनही सांगत. रिटायर झाले आणि घराचं दार मात्र सताड उघडं टाकलं. दूध आणायला जावं आणि फ्यूज उडवणारी इस्त्री घेऊन यावं. कुणाच्या तेरवीला जावं आणि पंगतीत पहिला भात संपायच्या आत विचारावं, "तो माळ्यावरचा पंखा काढता का?" मागचापुढचा विचार नाही, घासाघीस नाही. दिसलं की उचललं. आणि प्रेमिलानं तोंड उघडायच्या आत त्यांचं वाक्य तयार असायचं: "असा माल आता बनते कुठं वं."

खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिलाही गंमत वाटली होती. पहिला वॉल्व्हचा रेडिओ आला तेव्हा गोपाळराव दोन दिवस त्याच्यात डोकं घालून बसले होते. तो खरखरत का होईना बोलू लागला आणि दोघांनी चहा पीत पीत बातम्या ऐकल्या. पण पुढच्याच आठवड्यात टेपरेकॉर्डर आला, आणि रेडिओकडे त्यांनी पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. वस्तू हाती लागेपर्यंत त्यांचा जीव वरखाली व्हायचा. घरात आली की तिचं पुसणं-झाकणं प्रेमिलाकडे.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं चालवूनही घेतलं असतं. बायका याहून वाईट चालवून घेतात. पण हा पसारा ज्या खोलीत शिरला ती खोली मिनलची होती.

मिनल त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन मौद्याला गेलेली. जावई ऋषिकेश तिथल्या वीज केंद्रात, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात सासू. आता तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा नेम, आणि डॉक्टरीणही नागपूरचीच. डोहाळजेवणात विहीणबाईंनी ओटी भरता भरता, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "खोली-बिली आहे ना पोरीले? नाही, लोक सांगतात म्हणून विचारलं."

"आहे ना," प्रेमिला म्हणाली. "तिचीच खोली आहे."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. मिनल त्या खोलीत झोपेल, आपण रात्री दोनदा उठून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू, बाळाला पहिली आंघोळ आपल्या पायांवर घालू. इतकी साधी गोष्ट, पण आयुष्यात तिनं दुसरं काही एवढ्या जिवानं मागितलं नव्हतं.

गोपाळरावांनी शब्द दिला. "पाडव्यापर्यंत खोली मोकळी करून देतो. माया शब्द आहे."

पाडवा आला. गुढी उभारून झाली, कडुलिंबाचा पाला खाऊन झाला, आणि गोपाळराव मुहूर्त साधायला म्हणून बाहेर पडले ते हाताने फिरवायचं वॉशिंग मशीन घेऊन परतले. दोन हमालांनी ते कण्हत कण्हत वर चढवलं. खोलीत फ्रिज आणि कपाटाच्या मधे जी बोळ उरली होती तिच्यात ते बसलं, फक्त फ्रिजच्या अंगाला आडवं होऊन सरकण्यापुरती फट उरली. "पाय, कसं मापात बसलं," ते खुशीत म्हणाले.

प्रेमिलानं त्या दिवशी पुरणपोळी केली, वाढली, आणि भांडली नाही. भांडून वस्तू जात नाही हे तिला आता कळलं होतं. वस्तू जाते ती भंगारवाल्याच्या गाडीवरून.

गोपाळराव सकाळी फिरायला जात. त्याच वेळी खाली भंगारवाला हाळी देत जायचा. तिनं त्याला वर बोलावलं आणि पहिला रेडिओ त्याच्या हातात ठेवला. काय देतोस तेही विचारलं नाही. पोथीतून पान फाडल्याचं पाप लागल्यासारखं वाटत होतं. पण रेडिओ होता तिथली फरशी दिसली, आणि ती ओल्या फडक्यानं पुसताना तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती आपल्याच घरात एकटी हसली.

गोपाळरावांना पत्ताच नाही. दोन दिवसांनी तिनं एक टेपरेकॉर्डर काढला, मग एक जुनी शेगडी. चोरीत मुरलेल्या माणसासारखी ती पटाईत झाली. कोपऱ्यातून एक एक फरशी मोकळी होऊ लागली आणि रोज दुपारी ती तिथं जाऊन नुसती उभी राहू लागली. इथं पाळणा, ती मनाशी म्हणायची.

आणि रविवारी गोपाळराव जुन्या बाजारातून रेडिओ घेऊन आले.

"पाय वं, नशीब कसं असते! आपल्याकडे जसा आहे तस्साच. जोडी झाली."

प्रेमिलानं तो हातात घेतला आणि उलटा केला. मागच्या पत्र्यावर झुरळांच्या खडूची रेघ होती, कडेकडेनं गेलेली, एका ठिकाणी वाकडी. ती रेघ तिनंच ओढली होती. जोडी कसली, तोच रेडिओ पाहुणचार घेऊन परत आला होता.

"दाखव बरं आपला पहिला, बाजूबाजूनं ठेवू," गोपाळराव म्हणाले आणि खोलीत डोकावले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "असंल मागं कुठं," असं म्हणून त्यांनी नवा रेडिओ टीव्हीवर ठेवला आणि जेवायला बसले. प्रेमिलाला घास गिळवेना. बोलावं तर आपली चोरी उघडी पडते. न बोलावं तर ही खोली कधीच रिकामी होत नाही.

तिनं भंगारवाला बदलला आणि पितळी पात्यांचा टेबलफॅन या नव्याच्या गाडीवर घातला. पण नागपुरातले भंगारवाले शंभर असले तरी त्यांच्या गाड्या फिरून फिरून त्याच रविवारच्या बाजाराला लागतात, हे तिला कोण सांगणार? पुढच्या रविवारी टेबलफॅन आला. गोपाळराव जिन्यातूनच ओरडत आले, "अवं, पितळी पाती! असा माल आता बनते कुठं!"

प्रेमिला दारातच उभी राहिली. मिनल यायला आठवडा उरला होता.

"हा पंखा आपलाच आहे," ती म्हणाली.

"काहीही काय बोलून राहिली?"

"मीच विकला होता. रेडिओ बी मीच विकला होता. जाळी पाहा, माया साडीचा लाल धागा अडकून आहे. तुम्ही आपलंच सामान दुसऱ्यांदा इकत घेऊन राहिले."

ते आधी हसले. मग त्यांनी जाळी पाहिली. धागा बोटानं ओढून पाहिला. आता हे घर डोक्यावर घेणार, म्हणून प्रेमिलानं पदर खोचला. इतक्या वर्षांचं सगळं बोलून टाकायची तिची तयारी होती. पण गोपाळराव पंखा मांडीवर घेऊन तिथंच उंबऱ्यापाशी खाली बसले.

"मले ओळखूच नाही आला," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्या घरात होता, अन् मले ओळखू नाही आला."

प्रेमिलानं खोचलेला पदर सोडला.

"बाजारात दिसते तवा छातीत धडधडते. असं वाटते, आता सोडलं तर गेलंच हातचं. घरी आणलं का मंग काहीच वाटत नाही. काहीच नाही. मले काय झालं आहे, प्रेमिला?"

त्यांनी तिला नावानं हाक मारल्याला युगं लोटली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. भांडणाला ती तयार होती, पण रडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला त्यांची भयंकर दया आली. आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला, कारण रागाच्या बळावर ती आजवर उभी होती.

"उद्या भंगारवाल्याले बोलाव," गोपाळराव म्हणाले. "सगळं देऊन टाकतो. मी स्वतः देतो."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. गोपाळरावांनी बाह्या सरसावल्या आणि खरोखरच एक एक वस्तू खाली नेली. प्रेमिला गॅलरीतून पाहत होती. इस्त्री गाडीवर गेली. मग मिक्सर गेला. मग टेपरेकॉर्डर ठेवता ठेवता त्यांनी त्याचं झाकण उघडून भंगारवाल्याला दाखवलं. "याचा हेड पाय बरं, कसा चकचकीत आहे. हा तोडू नको, बरं का." थोडा वेळ ते तो हातात धरून उभे राहिले आणि मग त्यांनी तो जिन्याच्या पायरीवर ठेवला. त्याच्यापाठोपाठ मिक्सर गाडीवरून उतरला. रेडिओ तर गाडीपर्यंत पोचलाच नाही.

"काकाजी, देना है के नहीं?" भंगारवाला वैतागला.

"देतो ना बापा, थांब जरा."

शेवटी तो इस्त्री आणि एक गंजलेला पत्रा घेऊन निघून गेला. गोपाळरावांनी सगळं सामान पुन्हा वर आणलं, घामानं निथळत, तिच्याकडे न पाहता. खाली नेताना एकाला एक रचलेलं मोडलं होतं, त्यामुळं आता ते पहिल्याहून जास्त जागेत पसरलं. प्रेमिलानं एवढे दिवस चोरून मोकळ्या केलेल्या फरश्या त्यात गेल्या.

संध्याकाळी मिनलचा फोन आला तो गोपाळरावांनी उचलला.

"बाबा, रविवारी ऋषिकेश सोडून देतील मले. खोली झाली ना?"

"एकदम रेडी आहे बेटा. तू ये फक्त."

ते खोटं बोलत नव्हते. वाईट हेच होतं. ते म्हणाले त्या क्षणी त्यांना खोली लख्ख रिकामी दिसत होती, तिथं पाळणासुद्धा दिसत असावा. फोन ठेवून ते हसत हसत तोंड धुवायला गेले.

प्रेमिला खोलीकडे गेली. दार अर्धंच उघडत होतं. ती नेहमीसारखी आडवी झाली, पोट आत ओढलं, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मधून सरकत आत शिरली, आणि मधेच थांबली. आठव्या महिन्यातली बाई इथून आत जाणार कशी? पोट आत ओढायला ते तिच्या हातात आहे का? रात्री पोरीला कळा आल्या तर तिला बाहेर काढणार कशी? प्रेमिलाच्या छातीशी फ्रिजचं गार हँडल टेकलं होतं आणि पाठीला मशीनचा पत्रा. घाम पाठीवरून उतरत होता. पुढं जावंसं वाटेना, मागं वळता येईना. ती तिथंच, तशीच उभी राहून रडली.

मग ती सरकत बाहेर आली आणि स्वयंपाकघरातून तिनं मिनलला फोन लावला.

"रविवारी येऊ नको बेटा."

"म्हणजे? कधी येऊ मंग?"

"येऊच नको. तिथंच राहा. दिवस भरले का सरळ दवाखान्यात घेऊन या म्हणावं, मी दवाखान्यात येतो."

 पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. "आई, बाबा तर आत्ताच हो म्हणाले."

"मी नाही म्हणून राहिली."

"सासूबाईले काय सांगू मी? माझ्या आईनं नाही म्हटलं म्हणून सांगू?"

"हो," प्रेमिला म्हणाली. "आईनंच म्हटलं म्हणून सांग."

मिनलनं फोन ठेवला. रागावून ठेवला असता तरी बरं झालं असतं. तिनं तो हळूच ठेवला.

प्रेमिलानं वळून पाहिलं तर गोपाळराव दारात उभे होते. टॉवेल खांद्यावर, चेहरा ओला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. तिनं चहा टाकला. 

"येत नाही पोरगी?"

"नाही."

त्यांनी डोळ्यांना टॉवेल लावला. ते नाटक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तिला नक्की ओळखता येत होतं. तिनं कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांनी तो बशीत ओतून अर्धा प्यायला. 

"एक विचारू का वं?" गोपाळराव म्हणाले. त्यांचा आवाज अजून घोगरा होता. "वर्धा रोडवर एका माणसाकडे फ्रिज आहे. दोन दारांचा. तो लय दिवसापासून मागं लागून आहे, घेऊन जा, घेऊन जा. मी त्याले नाही म्हणून राहिलो होतो. म्हटलं, पोरीले खोली लागंल."

प्रेमिलानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, गाल ओले होते, आणि त्याखाली चेहरा हळूहळू उजळत होता. ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"आता लागत नाही ना खोली? मंग त्याले हो म्हणून सांगू का?"

तिच्या मनात खूप काही आलं. त्यातलं एकही बोलून खोली रिकामी होणार नव्हती.

"सांगा," ती म्हणाली.