दाराच्या आतला गाळ

शी! अजून हातांना वास येतोय. साबणाने धुतले, लिंबू चोळलं, शेवटी लॅबमधलं स्पिरिट ओतून घेतलं, तरी जात नाही मेला. कुजलेलं शेवाळ, ओलं गोणपाट आणि मेलेला उंदीर असा सगळा मिळून तो वास आहे. घास तोंडाजवळ नेला की ताट बाजूला सारते. आणि हे सगळं सुरू झालं कशावरून, तर स्पीकरवरून.

गाडी आमच्याकडे आली ती भाऊजींकडून. भाऊजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. कपड्यांना कायम कडक इस्त्री, अंगाला अत्तर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपण होऊन खिसा उलटा करावा. "घरातली गाडी घरात राहू दे," असं म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "एका हाताची आहे, फुलासारखी जपलीय." भाव त्यांनी इतका कमी लावला होता की मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मी त्यांच्या पायाही पडले. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात एक टपली मारावीशी वाटते.

गाडीला पहिल्यापासून एक कोंदट वास होता. मी आरशाला सुगंधी पुड्या टांगल्या, सीटखाली कोळसा ठेवला, उन्हात दारं उघडी टाकली. नवरा म्हणायचा, "तुझं नाकच तिखट आहे." मलाही ते पटायचं, कारण कंपनीच्या बसने जाणारा हा माणूस गाडीत बसतोच कितीसा? गाडी माझी आणि ठकीची. ठकी आमची लेक, पहिलीत आहे. सकाळी नवरा तिला मागच्या सीटवर बसवून देणार, मग मी तिला शाळेत सोडायचं, तशीच पुढे लॅबमध्ये जायचं, येताना तिला घेऊन यायचं. रस्ताभर आम्ही दोघी गाणी लावून घसा फाटेपर्यंत ओरडायचो. डावीकडचा स्पीकर मात्र जरा आवाज वाढवला की फाटक्या पिपाणीसारखा फरफर करायचा. ठकी त्याला 'सर्दीवाला' म्हणायची.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. बारीक घासणं, बारीक बसवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरला मी घाबरत नाही. गाडीच्या कंपनीने दिलेले कागदी स्पीकर काढून चांगले बसवायचे, जोडीला एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली ठेवायचा, असं मी ठरवलं. रात्री व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ झालं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "कशाला उगाच दारं खोलतेस? आहे ते बरंय ना." मला वाटलं, बायकोने हाताला ग्रीस लावलेलं त्याला बघवत नाही. मग रविवारी सकाळी, तो झोपलेला असतानाच, मी खाली पार्किंगमध्ये पसारा मांडला. आधी बॅटरीची तार काढली. मग डावीकडच्या पुढच्या दाराचे स्क्रू काढले, फटीत स्वयंपाकघरातला जुना प्लास्टिकचा कालथा घातला आणि पॅनेल हलक्या हाताने ओढलं. टक टक करत क्लिपा सुटल्या. वरच्या मजल्यावरचे काका दूध घेऊन चालले होते. "काय हो, आता गाड्यांचे पण दात काढायला लागलात?" म्हणाले. मी हसले. ते माझं शेवटचं हसू.

पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. तो सोलला आणि आतून भपकारा आला. मी तोंड फिरवलं. आत गाळ होता. थोडीथोडकी धूळ नव्हे, गाळच. दाराच्या तळाशी वाळून भेगा पडलेला थर, त्यात अडकलेली झाडाची पानं, शाम्पूची रिकामी पुडी, मेलेली गोम आणि कुठल्यातरी प्राण्याचे केस. काच वरखाली करणाऱ्या मोटरवर गंजाचे पापुद्रे आले होते. स्पीकर काढून हातात घेतला तर त्याचा कागद फुगून पापडासारखा झालेला, आणि आतल्या पत्र्यावर खिडकीच्या जरा खाली पाण्याची एक सरळ रेघ. वर पांढरं, खाली मातकट.

मी तिथेच फरशीवर बसले. गाडी आमच्याकडे येण्याआधीच्या पावसाळ्यात भाऊजींच्या इमारतीच्या तळघरात नदीचं पाणी शिरलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. सगळ्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या, आणि भाऊजी फोनवर सांगत होते, "आमची नेमकी सर्व्हिसिंगला गेली होती, वाचली! नशीब लागतं." वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हा. बुडालेली गाडी बाहेरून धुऊनपुसून, अत्तर मारून, सख्ख्या भावाच्या गळ्यात मारली होती.

पण गाळ काय, धुता येतो. मला भीती वेगळीच वाटली. अ‍ॅम्प्लिफायर ज्या सीटखाली ठेवणार होते तिथला गालिचा मी उचलला. खालचा नमद्याचा जाड थर अजून ओला होता, बोट दाबलं की काळं पाणी वर यायचं, आणि त्यात पांढरे किडे वळवळत होते. शी शी शी! त्या घाणीत एक पिवळा प्लग होता. पिवळा प्लग म्हणजे एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नाही, असं प्रत्येक व्हिडिओत बजावतात. मी नुसता गालिचा सरकवला तर तो प्लग माझ्यासमोर भुगा होऊन पडला. आत तांब्याच्या जागी हिरवी पूड होती. म्हणजे इतके दिवस गाडी कुठे धडकली असती तर त्या पिशव्या उघडल्या असत्या की नाही ते देवालाच ठाऊक. आणि माझ्या मागच्या सीटवर ठकी, पाय हलवत गाणी म्हणत बसलेली.

मी नवऱ्याला फोन करून खाली बोलावलं. तो चहाचा कप घेऊनच आला. उघडं दार बघून जागच्या जागी थांबला, आणि "अरे बापरे" म्हणण्याऐवजी इकडेतिकडे बघून म्हणाला, "बंद कर ते आधी. लोक बघतायत."

"लोकांचं काय घेऊन बसलास? ही गाडी बुडालेली आहे. तुझ्या भावाने आपल्याला फसवलंय."

"हळू बोल ना."

"का हळू बोलू? मी चोरी केलीय?"

त्याने कप बॉनेटवर ठेवला आणि मला समजावायला लागला. समजावताना तो आवाज असा मऊ करतो की मला कानात बोटं घालावीशी वाटतात. म्हणे, तू स्पीकर आणलेच आहेस, तर बसवून टाक मस्तपैकी. आवाज एकदम झकास येईल. पॅनेल लावलं की आतलं कोणाला दिसतंय? त्याच्या ऑफिसातला एक जण जुनी गाडी शोधतोय, नुकतंच लग्न झालंय त्याचं. त्याला देऊन टाकू. गाणं लावून दाखवलं की गडी खूश.

ह्या माणसाशी मी लग्न केलं? मघाचे किडे परवडले, ते निदान घाणीत राहतात आणि घाणीतलेच दिसतात.

"ते काही नाही," मी म्हटलं. "गाडी भाऊजी परत घेणार. आणि तसं त्यांना तू सांगायचंस, माझ्या देखत. तुझा भाऊ आहे, तुझ्या लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे. आज एकदा तरी तोंड उघड."

"मी बोलतो नंतर. निवांत."

थोरल्या भावासमोर हा कायम मूग गिळून बसतो, हे मला माहीत होतं. त्याच्या 'निवांत'ची वाट बघत बसले असते तर ठकीचं लग्न निघालं असतं. मीच फोन लावला. "भाऊजी, गाडीत काहीतरी सापडलंय, लगेच या," एवढंच म्हटलं. सापडलंय म्हटल्यावर माणूस लगबगीने आला. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा घमघमाट. तो वास आणि दारातला वास एकत्र झाला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले.

भाऊजींनी आत डोकावून पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. "धूळ आहे गं. आपल्याकडचे रस्ते कसले आहेत तुला माहीत नाही का?"

"धुळीत शाम्पूची पुडी येते? गोम येते? ही पाण्याची रेघ बघा."

"तसं थोडंसं ओलं झालं असेल."

"थोडंसं? खिडकीपर्यंत! सर्व्हिसिंगला होती म्हणालात ना?"

"सर्व्हिसिंगलाच होती. नंतर." आणि मग, चोराच्या उलट्या बोंबा, माझ्यावरच घसरले. "तुला कोणी सांगितलं होतं दारं खोलायला? बाईमाणसाने गाडीची दारं खोलायची कामं करायची का?"

मी नवऱ्याकडे वळले. "बोल. सांग यांना."

तो चपलेच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. भाऊजींनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा पारा चढला. "त्याला काय बोलायला लावतेस? मी काय त्याला अंधारात ठेवून दिलीय का? सगळं सांगून दिलीय. पाणी कुठवर आलं होतं तेही सांगितलंय. म्हणून तर त्या भावात दिली. हाच म्हणाला, चालेल दादा, हिला सांगू नका, ही उगाच घोळ घालते."

मला वाटलं, नवरा आता उसळून नाही म्हणेल. मी खरंच वाट बघितली. त्याने बॉनेटवरचा चहाचा कप उचलला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"अगं, गाडी हवी होती ना तुला? स्वस्तात मिळत होती. आणि इतके दिवस झालं का काही? नाही ना झालं?"

"ठकी बसते रे त्यात."

"शहरातल्या शहरात तर चालवतेस. स्पीड कितीसा असतो? हायवेला मी तुला कधी जाऊ देत होतो का?"

खरंच की. मावशीकडे जायचं म्हटलं की तो एसटीची तिकिटं काढायचा. मला वाटायचं, काळजी आहे. काळजी होतीच म्हणा, फक्त ती त्याने स्वतःच्या सोयीने वाटून घेतली होती.

मी बॅटरीची तार जोडली, स्टिअरिंगमागे जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. "या, बसा दोघं," मी म्हटलं. "ठकीच्या शाळेपर्यंत एक फेरी मारून येऊ. काही होत नाही ना? मग बसा."

भाऊजींनी घड्याळ बघितलं. "मला एका ठिकाणी जायचंय." नवरा म्हणाला, "तू आत्ता चिडलेली आहेस." दोघांपैकी एकानेही पाऊल उचललं नाही.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज ऐकून ठकी जिन्यावरून धावत खाली आली. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. सवयीप्रमाणे मागचं दार उघडून आत चढली, दार धाडकन ओढून घेतलं आणि म्हणाली, "आई, कुठे जायचंय? मी पण!"

"उतर!" नवरा ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. धावत येऊन त्याने मागचं दार खसकन उघडलं आणि तिचा दंड धरला. "खाली उतर आधी! उतर म्हणतो ना! त्या गाडीत बसायचं नाही!"

मी गाडी गिअरमध्येही टाकली नव्हती.

ठकी भेदरली. ओठ काढून तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण बाबा," ती म्हणाली, "रोज तूच तर मला बसवतोस."