टाकीतलं चांदीचं नाणं

उन्हाळा लागला आणि माझा कॉम्प्युटर रोज दुपारी तापून आपोआप बंद पडायला लागला. वाघोडियाच्या एका कारखान्याची ॲनिमेशन फिल्म त्यावर बनत होती. मशीन बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी वैतागून मी तो उघडलाच.

हा कॉम्प्युटर पाण्याने थंड राहतो. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, त्याला निकेलचा मुलामा, तिथून नळ्या, रेडिएटर आणि एक छोटी टाकी. या पाण्यात भलता धातू पडला की एक धातू दुसऱ्याला खातो. म्हणून मी एकेक भाग पारखून घेतला होता. पाणीसुद्धा डिस्टिल्ड, त्यात गंज न धरण्याचं औषध. एवढं करून ठोकळा उघडते तर मुलामा साल सुटावी तसा सुटलेला, आतल्या बारीक खाचांत हिरवा चिखल. काळी टाकी उपडी केली तर खण्णकन नाणं पडलं. चांदीचं, बडोदे संस्थानचं, आमच्या देव्हाऱ्यातलं.

डोकंच फिरलं माझं. हे कुणाचं काम, ते विचारायलाही नको होतं.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. वडील, म्हणजे आबा, अजून खंडेनवमीला घरातल्या तलवारी तेल लावून पुजतात. माझं काम मात्र त्यांच्या लेखी 'खोलीत बसून गेम'. पाहुण्यांना सांगायचे, "भक्ती नोकरी शोधतेय." गेल्या खंडेनवमीला पहिल्यांदाच त्यांनी तलवारींसारखा माझ्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता खरं सांगितलं तर तो हार पुन्हा पडायचा नाही. न सांगावं, तर पुढच्या नवमीला दुसरं नाणं. थापा रचायचंही त्राण उरलं नव्हतं. नाणं घेऊन मी बाहेर गेले.

"आबा, हे टाकीत तुम्ही टाकलंत?"

"हो बेटा. पाणी भरलंय, मग कलशात नाणं नको? नर्मदेचं पळीभर पाणीपण घातलं. बराबर ठंडं राहतंय ना?"

"बंद पडलाय तो! चांदीमुळे आतला मुलामा गेला. नर्मदेच्या पाण्यातल्या क्षारांनी उरलंसुरलं केलं. ठोकळा वाया गेला, आबा."

त्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं. आता माझ्यावरच उखडतील म्हणून मी तयारीत होते.

"जन्मभर तलवारींना पाण्याचा थेंब लागू दिला नाही," ते हळूच म्हणाले. "आणि तुझ्या शस्त्रात मीच पाणी ओतलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्याशेजारी फरशीवर बसले.

"पुढच्या नवमीला नाणं वरती ठेवा. आत नको."

"वर चालेल?"

"चालेल."

ते उठले आणि तलवारींचं फडकं घेऊन आले. "तो ठोकळा आण. पुसून देतो."

गेलेला मुलामा पुसून परत येत नाही. तरी मी ठोकळा आणून त्यांच्या हातात दिला.