टाकणारा सापडला

आधी.

माउसचं चाक पुढे ढकलत तिने फोटो मोठा केला. विजेची हिरवी पेटी, मागे पोपडे निघालेली भिंत, पेटीच्या पायाशी एक पांढरी पिशवी. वेळ सकाळी सहा बावन्न. फोटो वरून, कुठल्यातरी खिडकीतून काढलेला. खाली तक्रार : 'परत तेच. झोपा काढता का?'

नंतर.

तीच पेटी, तीच भिंत. पायाशी काही नाही, खराट्याच्या रेघा तेवढ्या. वेळ सात वाजून सहा. डाव्या कोपऱ्यात निळ्या चपलेचं टोक, अंगठ्यापाशी तारेने शिवलेलं.

त्या चपलेला ती दोन वर्षं ओळखत होती. माणसाला नाही.

लोक पालिकेच्या सफाई खात्याला कचऱ्याचा फोटो पाठवायचे, सफाई कामगार झाडल्यानंतरचा. दोन्हींतली जागा एकच आहे का, हे बघणं तिचं काम. दिवसाला चारशे जोड्या. कुणी शेजारच्या भिंतीचा फोटो लावायचं, कुणी गेल्या महिन्यातला. ती पकडायची : भिंतीवरचा ओघळ, खांबाचा नंबर, सावलीची बाजू. दुपारनंतर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. 'ही माणसाशी बोलतानासुद्धा त्याच्या मागची भिंत बघते,' असं नवरा म्हणायचा.

ही भिंत मात्र तपासायची गरज नव्हती. ती तिच्याच इमारतीच्या मागची होती.

पडद्यावर लाल पट्टी आली : 'एकाच जागी महिन्यात तिसरी तक्रार. मान्य केल्यास संबंधित कंत्राटी कामगाराचे नाव पुढील यादीतून कमी होईल.' खाली तीन बटणं. मान्य. अमान्य. टाकणारा सापडला.

ती खुर्चीत मागे टेकली. तेवढ्यात दारात निळी चप्पल दिसली.

"मॅडम, साहेब म्हणाले, माझं तुमच्याकडे अडकलंय."

तिने आधी अंगठ्याजवळची तार पाहिली, मग वर.

"मामा, तुम्ही होय!"

"मीच तो. नातीने शिकवलं फोटो काढायला. पण मोबाइल हातात घेतला की पाय आपोआप पुढे येतो."

"बसा ना."

तो खुर्चीच्या कडेवर बसला, अंगावरचा घाम खुर्चीला लागू नये असा.

"मी हे मान्य केलं तर काय होतं, माहीत आहे ना?"

"यादीतून जातो. एकोणीस वर्षं झाली, मॅडम. कायम करतो, कायम करतो म्हणत होते. कायम झाले ते फक्त केस. पांढरे."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून वाईट वाटलं.

"तिथे टाकतं कोण? पाहिलंय कधी?"

त्याने तळहात उलटे करून बघितले.

"पाहिलंय."

"मग नाव द्या! ते आलं की तुमच्यावरचं सगळं जातं. हे बघा, बटणच आहे."

"एक आजी आहेत. पावणेसातच्या सुमाराला उतरतात. गुडघे धरून, एकेक पायरी. पिशवी ठेवतात आणि भिंतीला हात लावून उभ्या राहतात, दम जाईपर्यंत. मी ढकलगाडीच्या आड बसून असतो. पुढे झालो तर त्या पिशवी घेऊन परत चढतील ना. म्हणून त्या जाईपर्यंत थांबतो. आणि तेवढ्यात वरच्या खिडकीतला कुणी फोटो काढतो."

"काय असतं पिशवीत?"

"साहेब म्हणाले उघडून बघ, एखादं बिल, पत्ता सापडेल. उघडली एकदाच." त्याने आवाज खाली घेतला. "म्हाताऱ्या माणसांचे डायपर असतात ना, ते. कागदात गुंडाळलेले, मग पिशवी, वर कापडाची पट्टी. मॅडम, लोक काय काय कसं फेकतात ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. हे म्हणजे परगावी पार्सल पाठवावं असं बांधलेलं. मी परत बांधायला गेलो, तर तशी गाठ मला जमेना. लाज वाटली."

"पण घरूनच का देत नाहीत? गाडी येते की दारात!"

"घरात कुणी कडक असेल."

बोलून तो लगेच उठला. दाराशी जाऊन थांबला.

"सकाळी बघतो मी तुम्हाला, बसमागे पळताना. रोज दोन मिनिटं उशीर." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "तुम्ही काय ते भरा. मी नाव घेणार नाही. उद्या दहापर्यंत मुदत आहे ना?"

आधी. (तोच फोटो, आणखी मोठा.)

पेटी गेली, भिंत गेली. उरली पिशवीची मान. तिच्याभोवती कापडाची पट्टी, फिकट पानांची नक्षी. दोन फास, आणि मोकळी टोकं आत खोचलेली.

कीबोर्डच्या शेजारी तिचा डबा होता. सांडू नये म्हणून सासूबाई तो रोज कापडात बांधून द्यायच्या. दोन फास. टोकं आत खोचलेली.

त्या दुपारी तिने डबा उघडला नाही.

फोटो नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी तीन बादल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. तिनेच ऑफिसातून छापून आणून चिकटवलेले कागद : ओला. सुका. तिसरीवर मोठ्या अक्षरांत, 'वेगळा कचरा : कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी.' चुकीच्या बादलीत काही सापडलं की ती जेवताना विचारायची, हे कुणाचं? नवरा तिला इन्स्पेक्टर म्हणायचा. "आमच्याकडे कचऱ्याचीसुद्धा हजेरी घेतात," असं पाहुण्यांना सांगायचा.

तीन आठवड्यांपूर्वी ती जेवताना म्हणाली होती, "त्या पेटीपाशी टाकणारा एकदा सापडू दे. नाव फलकावर लावायला सांगते." सासूबाई पाणी वाढत होत्या. पेला भरून वाहिला. "हात थरथरतो हल्ली," त्या म्हणाल्या. तिने फरशी पुसली होती आणि पुन्हा जेवायला बसली होती.

आता एकेक आठवत होतं. त्यांनी दुपारचा चहा सोडला होता. बहिणीकडे राहायला जायचं दोनदा टाळलं होतं. चादर स्वतः धुवायला लागल्या होत्या; "तेवढाच हातांना व्यायाम" म्हणाल्या होत्या. सगळं तिच्यासमोर झालं होतं.

येताना तिने झाकणाची एक लहान बादली आणली होती. ती सासूबाईंच्या खोलीतल्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. सासूबाई पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"हे काय आणलंस?"

"बादली. माझी आहे. इथे असू दे."

"इथे?"

"सकाळी जाताना मीच नेऊन गाडीत देईन. तुम्हाला काही टाकायचं असलं तर टाका त्यात, आई. मी बघणार नाही."

सासूबाईंनी घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुला बस असते."

"दोन मिनिटं आधी निघेन."

बराच वेळ टॉवेलावरून हात फिरत राहिला.

"झाकण घट्ट बसतं का?"

"बसतं."

मग ती स्वयंपाकघरात जाऊन ओल्या फडक्याने बादल्यांवरचे कागद काढत बसली. कागद निघाले. डिंक राहिला.

नंतर.

सकाळी साडेनऊ. तिने तिसरं बटण दाबलं. 'टाकणाऱ्याचे नाव' या चौकटीत तिने स्वतःचं नाव लिहिलं. पत्ता. मजला : तिसरा. 'कबुली आहे / नाही' यातलं 'आहे'.

यंत्राने विचारलं : 'सदर व्यक्ती याच खात्यात कार्यरत आहे. पुढे जायचे?'

तिने डोळे चोळले आणि 'हो' वर बोट ठेवलं. मामाच्या नावापुढची लाल पट्टी गेली. पुढची जोडी आली : एक नाला, एक फुटकं कमोड. तिने भिंती जुळवायला घेतल्या.

फोटो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दंडाची चिठ्ठी घरी आली. नवऱ्याने ती दुसऱ्या सकाळी चहा पिता पिता मोठ्याने वाचली, आणि त्याला ठसकाच लागला.

"कुंपणानेच शेत खाल्लं की! इन्स्पेक्टरबाई, टाकलंत तरी काय एवढं? तुमच्या त्या फलकावर लावू का नाव?"

"लाव."

"आणि साहेब?"

"खुलासा मागितलाय लेखी. यंदाची बढती गेली." तिने कप विसळून पालथा घातला. "चुकून झालं म्हणून लिहिलंय."

"चुकून? तुझ्या हातून?" तो पुन्हा हसायला लागला. "अगं, शेजाऱ्यांना सांगितलं तर कुणी विश्वास—"

"हसू नकोस रे."

सासूबाई ओट्याशी डबा बांधत होत्या. एक फास झाला होता, दुसरा बोटांतच राहिला होता.

"आई, अगं पण गंमत बघ ना—"

"हसू नकोस म्हटलं ना."

आईचा हा आवाज त्याने शाळेत असताना ऐकला होता. चिठ्ठी घडी करून त्याने बशीखाली सरकवली.

सासूबाईंनी गाठ पुरी केली, टोकं खोचली आणि डबा तिच्या हातात दिला. ती न्हाणीघराकडे वळली, तर बादली रिकामी होती. तीन दिवस पिशवी तीच खाली नेत होती. आज पिशवी आधीच सासूबाईंच्या हातात होती. दुसऱ्या हाताने त्या दाराशी चपला शोधत होत्या, पायाने चाचपडत.

"आई, द्या इकडे. मी नेते."

"तू डबा धर."

नवरा बघत होता. सासूबाईंनी पिशवी लपवली नाही. पिशवीतून दिसणाऱ्या कागदावर लाल पेनची खूण होती, मोठी, जरा हललेली. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि कप उचलला. कप रिकामा होता.

जिन्यात कठडा एकाच बाजूला होता, तोही मध्येच तुटलेला. तिथे तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि कोपर पुढे केलं. सासूबाईंनी ते धरलं. खाली कुणीतरी झाडत होतं. खराटा थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला, आता जरा लांबून.

बस आली आणि निघून गेली, तो आवाज दोघींनी ऐकला. त्या अजून दुसऱ्या मजल्यावरच होत्या.