वाकवायची न्हाई

"गाडीच्या डब्याखालून काढू की, काका. दोघं पलीकडं जाऊ, तुमी इकडून सरकवा," रंगनाथ म्हणाला आणि तिरडी खाली घ्यायला वाकला.

"सरकवायला ती काय जवारीचं पोतं हाय?" भुजंगराव कडाडले. पुतण्या चटकन सरळ झाला.

तिरडीवर त्यांची बायको दगडाबाई होती, हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावलेली. अहेवपणी गेली, भाग्याची बाई, असं गल्लीतल्या बाया म्हणत होत्या. भुजंगरावांना त्या भाग्याचाही राग आला होता. आणि समोर लोखंडाची कच्ची माती भरलेली मालगाडी तासभर आडवी पडली होती. दोन गाड्या जोडून केलेली एक, खाणीकडून बंदराला निघालेली. पूर्णेकडं लाईन मोकळी नव्हती म्हणे.

पूर्वी इथं फाटक होतं. जड गाड्या सुरू झाल्या तसं ते बंद झालं आणि रुळाखालून भुयारी रस्ता आला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्या भुयारात आता छातीएवढं पाणी होतं. स्मशान पलीकडं, विसाव्याचा दगडही पलीकडं, आणि त्या दगडाआधी तिरडी भुईला टेकवायची नाही ही गावची रीत. चौघांचे खांदे भरून आले होते.

भुजंगरावांची हयात याच लाईनवर, रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये गेली. जड गाड्यांसाठी रूळ बदलले तेव्हा गिट्टी त्यांनीच ठोकली. दगडाबाई भाकरी घेऊन यायची. मधे मालगाडी उभी असली की बाकीच्या बाया डब्याखालून वाकून यायच्या. ही मात्र गाडी हलेपर्यंत पलीकडं उभी राहायची. "चाकाखालून मी न्हाई वाकून यायची. भूक धरंल दम," म्हणायची. भाकरी गार व्हायची आणि भुजंगराव चिडायचे.

"मातीला बंदर गाठायची घाई, अन् माणसाला इथं कुत्रं विचारत न्हाई," ते म्हणाले. "चला, इंजिनाला वळसा घालू."

"लय लांब हाय, दादा," मडकं धरून पुढं उभा असलेला त्यांचा मुलगा, भागवत, म्हणाला.

"असू दे. वाकवायची न्हाई तिला."

खांदे बदलत, गिट्टीत ठेचकाळत सगळे चालले. इंजिनापाशी पोचून तिरडी रुळाकडं वळली आणि नेमका तेव्हाच सिग्नल हिरवा झाला. इंजिनानं भोंगा दिला. खांदेकरी थबकले.

भुजंगराव रुळांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले. लाल झेंडी जवळ नसली की गँगमन असाच धोका दाखवतो. ड्रायव्हरला ते सांगावं लागत नाही. नोकरीभर हे हात त्यांनी गाडीसाठी वर केले होते. आज पहिल्यांदाच घरच्या माणसासाठी केले.

"या," मागं न बघता ते म्हणाले. "सावकाश या. ताठ धरा."

इंजिन धडधडत जागीच राहिलं. दुसरा भोंगा वाजला नाही. हिरवं लुगडं त्याच्या काचेसमोरून गेलं आणि पलीकडच्या पायवाटेला लागलं.

भुजंगराव तिथंच होते. हात तसेच वर होते. हातातलं धुमसतं मडकं सांभाळत भागवत मागं आला.

"दादा, आई गेली पलीकडं. हात खाली घ्या आता."

"घेतो," भुजंगराव इंजिनाकडं बघत म्हणाले. "तिला तासभर ताटकळवलं यांनी. तू हो पुढं."

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.