उजव्या हाताचे ठोके

"चहाचा कप आता आरामात धरता येईल," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, बाई खूश होईल.

"मी कप वाजवत नाही," थोरली म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

ती ड्रम वाजवायची. बँड तिघा भावंडांचा होता. थोरली ड्रमवर, मधला गिटारवर आणि धाकटी गायला. घरात ज्या क्रमाने जन्मली, त्याच नावांनी बाहेरचेही त्यांना ओळखायचे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग नऊ महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमानंतर व्हॅनमधून सामान उतरवताना थोरलीचा पाय फळीवरून सटकला, आणि सगळ्यात मोठा ड्रम वाचवायच्या नादात तिने उजवा हात त्याच्याखाली घातला. ड्रमवर ओरखडाही उठला नाही. हाताच्या हाडाचे मात्र तीन तुकडे झाले. आता आत धातूची पट्टी होती, बोटं मिटत होती, पण मनगटाला झटका देता येत नव्हता. आणि मनगटाच्या झटक्याशिवाय ड्रमची काठी म्हणजे नुसतं लाकूड.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मधल्याने विषय काढला. बराच वेळ तो घसा खाकरत होता, तेव्हाच थोरलीने ओळखलं की स्वारी काहीतरी ठरवून आली आहे.

"आठ गाणी तयार आहेत, ताई. अजून किती थांबायचं? एक जण आहे, चांगला वाजवतो. रेकॉर्डिंगपुरता त्याला घेऊ. तू बरी झालीस की..."

"मी बरीच आहे. हात बरा नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

"तू ते म्हणत नाहीयेस. या गाण्यांचे ड्रम माझे आहेत. मी करते. महिनाभर दे मला."

"कशाने करतेस?"

"कॉम्प्युटरवर. ड्रमरचं सॉफ्टवेअर मिळतं."

मधल्याला हसू आवरेना. "ताई, यंत्राच्या ड्रमला तू शिलाई मशीन म्हणायचीस. सगळ्यांसमोर म्हणायचीस!"

"म्हणायचे. तेव्हा माझे दोन्ही हात धड होते."

धाकटी ताटात बघत होती. मधल्याचं हसू विरलं. महिना मिळाला, पण देताना त्याने 'बघू' म्हटलं, आणि त्या 'बघू'ने थोरलीचं टाळकं फिरलं. दहा वर्षांची असताना तिने या पोराला ताल धरायला शिकवलं होतं, टेबलावर चमचे आपटून. आता तो तिला 'बघू' म्हणत होता.

सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर ड्रमचा पूर्ण संच दिसायचा. मागे स्टूल, आणि स्टुलावर कोणी नाही. बाजूला तयार तालांची यादी होती. एक निवडा, गाण्याखाली टाका, काम झालं. थोरलीने दोन तास त्या यादीतले ताल ऐकले. सगळे निरोगी, हसतमुख आणि एकाच आईची लेकरं असावीत असे. तिने यादी बंद केली आणि एकेक ठोका स्वतः मांडायला घेतला. डाव्या हाताने छोट्या रबरी पॅडवर टिचकी मारायची, तो ठोका पडद्यावर उमटायचा, मग त्याचा जोर ठरवायचा. जोराला आकडे होते, शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. मग तो केसभर पुढे किंवा मागे सरकवायचा, कारण जिवंत माणूस घड्याळाच्या टोल्यावर कधीच वाजवत नाही.

चौथ्या दिवशी तिने घोडचूक केली. एका गाण्यात ड्रमवरून ड्रमवर फिरणारी लांब सरबत्ती तिने टाकली, दोन्ही हातांची. आणि खाली हाय-हॅट, म्हणजे ती पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, काठीने वाजतच राहिली. ऐकायला फक्कड वाटत होतं. ती खुर्चीत मागे टेकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या माणसाला तीन हात आहेत. नवशिक्याने केलं असतं तर ठीक. एकोणीस वर्षं संचामागे बसलेल्या बाईने करावं, याची तिला इतकी लाज वाटली की तिने दार बंद आहे ना ते बघितलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दोन हात, दोन पाय', आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवला.

पंधराव्या दिवशी पहिलं गाणं पुरं झालं. दुपार होती, धाकटी बाजूला बसून ऐकत होती.

"ताई, अगदी तू! डोळे मिटले तर तूच वाजवतेयस."

गाण्यात थोरलीची ती जुनी सणसणीत स्नेअर होती, पुढ्यातल्या चपट्या ड्रमचा तो कडक आवाज, मधोमध बसलेला, उजव्या-डाव्या हाताचा हिशोब अगदी चोख. वाजवणारी बाई तीच होती, पण गेल्या वर्षीची.

"ही बाई आता नाहीये," ती म्हणाली. "हिचा फोटो कशाला लावायचा?"

"मग कोणाचा लावायचा?"

थोरली उठली आणि आतल्या खोलीत गेली, जिथे नऊ महिने तिचा संच चादरीखाली झाकून ठेवला होता. तिने चादर ओढली. उजव्या हातात काठी धरली, वर लवचीक पट्टी गुंडाळली, आणि बसली. नेहमी उजवा हात डाव्यावरून ओलांडून हाय-हॅटवर जातो. बहुतेक ड्रमर तसंच करतात. तिला ते आता जमणार नव्हतं, कारण हाय-हॅट अखंड वाजवायची असते. म्हणून तिने हाय-हॅट डाव्या हाताला दिली, ती होतीच डावीकडे. उजव्याला फक्त स्नेअर, आणि उजवीकडच्या टोकाचा मोठा टॉम, म्हणजे तो खोल घुमणारा ड्रम. उजवा हात नुसता पडत होता, आपटत नव्हता. त्याची भरपाई तिने पायांकडून वसूल केली. पाय शाबूत होते, आणि नऊ महिन्यांचा सगळा संताप त्यांच्यात होता.

चाळीस सेकंद. त्यानंतर कोपरातून अशी कळ आली की काठी सुटली. धाकटी धावत आली.

"बास कर गं, ताई!"

"किती झाले?"

"काय किती?"

"सेकंद! गाणं चार मिनिटांचं आहे. चाळीस सेकंद मला येतं. उरलेली तीन मिनिटं वीस सेकंद त्या स्टुलावरच्याला शिकवायची आहेत."

आणि तिने शिकवली. झालेलं सगळं तिने पुसलं आणि आठही गाणी नव्याने मांडली. रोज चाळीस सेकंद स्वतः वाजवायचं, हाताला बर्फ लावायचा, आणि हात सुन्न असेपर्यंत कॉम्प्युटरवर बसायचं. डावा हात ऐंशी-नव्वद जोराचा. उजवा पंचेचाळीसचा, टॉमकडे जाताना अडतीसचा, आणि गाण्याच्या शेवटाला त्याहून कमी, कारण तेव्हा तो थकलेला असणार. तिसऱ्या गाण्यात उजव्या हाताचे दोनशे चौसष्ट ठोके होते. प्रत्येकाचा जोर तिने दुखण्याच्या आठवणीवरून लिहिला. नवल म्हणजे गाणी अशक्त वाटत नव्हती. खालून पाय ढकलत होते आणि वरून तो उजवा हात हलकेच टेकत होता, त्यामुळे धाकटीच्या आवाजाला पहिल्यांदाच मोकळी जागा मिळाली होती. थोरलीला ही गाणी आवडली. मनापासून आवडली. नऊ महिन्यांत एवढं छान तिला दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.

मधल्याने फाईल घेतली. "भारी झालंय," असं त्याने कळवलं. आणि शनिवारी सकाळी थोरली स्टुडिओत पोचली, तर काचेपलीकडे तो 'एक जण' आपली झांज स्टँडवर चढवत होता.

स्टुडिओ म्हणजे छापखान्यामागची एक गोदामवजा खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या लावलेली.

"हे काय?" थोरलीने विचारलं.

"ताई, ऐक ना. तुझं सगळं जसंच्या तसं ठेवलंय. तो फक्त ते खऱ्या ड्रमवर वाजवणार. लोक म्हणायला नकोत, की यांनी मशीन लावलं."

"कोण लोक?"

मधल्याने काचेपलीकडे हात केला, सुरू कर म्हणून.

पाहुणा वाजवू लागला. हात तयार होता त्याचा, त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोन गाणी सुरळीत गेली. तिसऱ्यात तो अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी अडला. चौथ्यांदा त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या, कानावरचे हेडफोन काढले आणि बाहेर आला.

"हे वाजवता येण्यासारखं नाहीये," तो म्हणाला. "हाय-हॅट थांबत नाही, आणि मधेच तिकडच्या टोकाचा टॉम येतो, तोही दणदणीत. तीन हात लागतील. कॉम्प्युटरवर केलं की असं होतं, कोणाचाही गोंधळ होतो."

मधल्याने थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात कीव होती, आणि कीव ती लांबूनही ओळखायची. "जाऊ दे, ताई. तो टॉम काढून टाकू. नाहीतरी कोणाला कळणार आहे?"

"दणदणीत?" थोरली म्हणाली. बाकी काही तिने ऐकलंच नव्हतं. "तो टॉम अडतीसचा आहे. दणदणीत कुठून झाला?"

मधला घोटाळला. "तुझे ते... काही ठोके फार बारीक लागले होते. मला वाटलं, राहून गेले असतील. मी ते सगळे निवडून सारखे केले. नव्वदवर आणले."

"सगळे?"

"एका बटणात होतं ते."

थोरली काचेआड गेली. कोणाला काही न विचारता पाहुण्याच्या स्टुलावर बसली. पर्समधून लवचीक पट्टी काढली, दातात एक टोक धरून काठी उजव्या हाताला बांधली. मधला "ताई, नको," म्हणत उठला, तर धाकटीने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

डावा हात हाय-हॅटवर पडला. पाय सुरू झाले. उजवा हात स्नेअरवर टेकला, तिथून टोकाच्या टॉमकडे गेला, परत आला. दोन हात, दोन पाय, कुठेही टक्कर नाही. हलक्या ठोक्यांखाली पायांचा दणका असा येत होता की काचेजवळच्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत सरकू लागला. पस्तीस सेकंदांना तिचा चेहरा पांढरा पडला. चाळिसाव्याला ती थांबली. काठी तिने सुटू दिली नाही, सावकाश सोडवून खाली ठेवली.

सगळ्यात आधी पाहुणा बोलला. "डाव्या हाताने हाय-हॅट. माझ्या डोक्यातच आलं नाही." त्याने उभ्याउभ्याच हवेत हात फिरवून बघितले आणि मान हलवली. "महिनाभर बसलो तर जमेल मला, ताई. पण माझा उजवा जड आहे. मी वाजवलं तर हे दुसरंच गाणं होईल. तुमचंच ठेवा."

आणि त्याने आपली झांज काढायला घेतली. थोरलीने त्याला ती काढायला मदत केली, डाव्या हाताने.

पाहुणा गेल्यावर मधला बराच वेळ वायरी गुंडाळत बसला. गुंडाळलेल्या वायरी त्याने पुन्हा गुंडाळल्या. मग हळूच म्हणाला, "अल्बमच्या आतल्या कागदावर तुझ्यापुढे काय लिहू? ड्रम प्रोग्रॅमिंग?"

"तू गिटारपुढे 'ॲम्प्लिफायर' लिहितोस का?"

"नाही."

"मग ड्रम्स लिही, आणि पुढे माझं नाव. त्याखाली 'साहाय्य' वगैरे काही नको. 'यंत्र' पण नको. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव. मी सांगेन, हे एका मोडलेल्या हाताने वाजवलंय, आणि ज्यांचे हात धड आहेत त्यांना येत नाही."

मधल्याने लिहिलं. खाली रेघही मारली. मग कॉम्प्युटरकडे वळून म्हणाला, "तुझे ठोके मी आधीसारखे करतो. सोपं आहे, तुझी मूळ फाईल आहेच. एका बटणात..."

"बटण नको," थोरली म्हणाली. "हातानं कर."

"ताई, एका गाण्यातच दोनशे चौसष्ट आहेत!"

"माहितीये मला किती आहेत. मीच मांडलेत. मूळ फाईल शेजारी उघड आणि एकेक खाली आण. मी इथे बसलेय."

त्याने धाकटीकडे मदतीच्या आशेने बघितलं. धाकटीने खुर्ची ओढली आणि तीही बसली. बाहेर छापखान्यातलं मशीन धडधडत होतं, दारावर दुपारचं ऊन आलं होतं. मधल्याने पहिला ठोका धरला. नव्वदवरून पंचेचाळीसवर आणला. दुसरा. तिसरा. विसाव्यापर्यंत तो कुरकुरत होता, चाळिसाव्याला गप्प झाला. साठाच्या आसपास एक ठोका एकदम एकतीसचा निघाला. त्याने हात थांबवला आणि मूळ आकडा पुन्हा तपासला. मग पडद्याकडे बघतच विचारलं, लहानपणी चमचा खाली पडला की विचारायचा तशा आवाजात.

"इथे जास्त दुखलं होतं का गं, ताई?"

"हो," थोरली म्हणाली. "पुढचा घे."