डावरा टॅरंट

संध्याकाळच्या कार्यक्रमातून वर्नेटला काढून टाकण्यात आलं. नाही — असं काहीही झालेलं नाही. झालं ते एवढंच की कंगव्यांच्या बरणीतलं निळं पाणी हललं, बरणीला टेकवलेला फोन जरासा आरशाकडे वळला, आणि आरशातल्या चिमुकल्या पडद्यावर ल्यूशियस टॅरंट उजव्या हाताने गिटार वाजवायला लागला.

वर्नेटच्या हातातलं केस कापायचं मशीन मिस्टर पर्विसांच्या कल्ल्यापाशीच थांबलं.

"हां, हा खरा ल्यूशियस," आरशात बघत ते म्हणाले. "कोलंबिया अव्हेन्यूवरच्या क्लबात पुढ्यात बसून ऐकलाय याला. घाम उडेल इतक्या जवळून."

"ते डावरे होते," वर्नेट म्हणाली.

"डावरा तुझा बाप."

बाप डावरा नव्हता. घरात कुणीच नव्हतं, आणि मी — मी चमचा उजव्या हाताने धरते, वस्तरा उजव्या हाताने, भांडणात दार आपटते तेही उजव्याच हाताने… गिटार तेवढी तीन वर्षांपूर्वी उलटी धरली, तारा उलट्या चढवल्या, कारण टॅरंट वाजवताना दिसतो अशी जगात एकच चित्रफीत, कोपनहेगनच्या टेलिव्हिजनने टिपलेल्या मैफलीची, आणि तिच्यात तो डावा अंगठा तारांवरून फिरवतो. बोटांची सालं निघाली. पण शिकायचं तर त्याच्यासारखंच, नाहीतर कशाला? पियानोचं झाकण भलत्याच बाजूला उघडत होतं — डेन्मार्कात उघडत असेल. ड्रमवरची अक्षरं लागत नव्हती — डॅनिश असतील. आता आरशात ती सरळ झाली होती आणि त्यांत डॅनिश काही नव्हतं: 'टॅरंट क्वार्टेट, फिलाडेल्फिया'.

शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धवट भादरलेलं सोडून थेरॉनमामा आला. दुकान त्याचं, बँडही त्याचा. आज चर्चच्या तळघरात वर्नेट पहिल्यांदाच त्या बँडमध्ये बसणार होती. त्याने फोन बघितला, आरसा बघितला, पुन्हा फोन बघितला आणि इतका हसला की खुर्चीला धरावं लागलं.

"फीत उलटी छापली गं कुणीतरी! आणि ही बया—"

"मामा, तुलाही कुठे कळलं होतं?"

"माझ्याकडे रेकॉर्डी होत्या, पोरी. रेकॉर्डला हात नसतात." मग डोळे पुसत, "आज राहू दे. लोक खिदळतील. हे पर्विस रात्रीपर्यंत गावभर करतील."

"रात्रीपर्यंत कशाला?" मिस्टर पर्विस म्हणाले. "जेवायच्या आत करतो."

"सोमवारपासून सरळ शीक. वर्षभराने बघू."

सरळ. वर्नेटने मशीन पुन्हा सुरू केलं. पर्विसांचा दुसरा कल्ला पहिल्याच्या बरोबरीला आणताना — आरशात, उलटा, दिवसभर आपण उलटंच बघून सरळ कापतो की — तिला मामाचंच वाक्य आठवलं: अंगठा ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो तुझा, टॅरंटचं हे नेमकं उचललंस… हे ऐकूनच तर त्याने बँडमध्ये घेतलं. तिने फोन पालथा घातला. चित्र गेलं, आवाज राहिला. टॅरंटचा अंगठा ठेक्यावर पडत होता, भिंतीत खिळा बसावा तसा. कुठेही रेंगाळत नव्हता. एकदाही नाही. मग ते रेंगाळणं…

माझ्या मठ्ठ डाव्या अंगठ्याचं. तीन वर्षं मी या माणसाकडून जे चोरत होते, ते त्याच्याकडे नव्हतंच.

"मामा, ऐक. टॅरंट रेंगाळत नाही."

मामा ऐकायला वाकला. वाकलेलाच राहिला. हसू थांबलं होतं.

"तरी लोक हसतील."

"हसू देत. फक्त ठेक्यात हसा म्हणावं."

दाराशी गिटारची पेटी उभी होती. सरळ का उलटी, पेटीला कळत नव्हतं. वर्नेट जमिनीवरचे केस झाडायला लागली, उजव्या हाताने, आणि मनात कोपनहेगनच्या टेलिव्हिजन केंद्राला पत्र लिहायला लागली — आधी रागाने, मग एकदम शांतपणे: महोदय, सदर चित्रफितीत कोणतीही दुरुस्ती करण्यात येऊ नये. त्याऐवजी दिवंगत ल्यूशियस टॅरंट यांना पूर्वलक्षी प्रभावाने डावरे घोषित करण्यात यावे, व तसे त्यांना कळवण्यात यावे, ही विनंती.