मागचं डावं दार

लेकीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर जाडजूड शब्दकोशाखाली ठेवलेलं होतं. शब्दकोश उचलल्याशिवाय त्यांचा एकही दिवस जात नसे, त्यामुळे विसरलो असं म्हणायचीही सोय नव्हती.

पत्रात अवघड काही नव्हतं. लेक परिचारिका होती आणि तिची बदली टेकडीखालच्या गावातल्या इस्पितळात झाली होती. जावई जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. दोन्ही मुलांना घेऊन ती वर वडिलांच्या घरी राहायला येऊ शकत होती. पण तो कच्च्या चढाचा रस्ता रोज, शाळेच्या आणि कामाच्या वेळा सांभाळून करायचा, तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी. नवी परवडणार नव्हती. ‘बाबा, एखादी जुनी पण भरवशाची गाडी बघून ठेवाल का?’ असं तिनं लिहिलं होतं. ‘जमत नसेल तर संकोच करू नका. खाली एक भाड्याची जागा पाहून ठेवली आहे. घरमालकाला महिनाअखेर सांगायचं आहे.’

घरात फोन होता. पण फोनवर बाबा ‘बरं आहे’ आणि ‘ठेवू का?’ यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की बापलेक पत्रच लिहीत.

‘संकोच करू नका’ या तीन शब्दांशी त्यांचं घोडं अडलं. जन्मभर त्यांनी एका प्रकाशन संस्थेत प्रुफं तपासली होती. दुसऱ्यांची वाक्यं उलटीपालटी करून बघायची सवय हाडीमांसी भिनलेली. आपण नाही म्हणावं असं तिला हवं आहे का? बायको गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असा नव्हताच. मुलं इथे येऊन काय करतील, पुस्तकांवरची धूळ मोजतील? आणि गाडी आपण निवडली आणि ती वळणावर दगा देऊन गेली तर?

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं, म्हणजे वाचलं. वाचनालयातून मोटारींवरची पुस्तकं आणली. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर कसा वाटला जातो, हे त्यांना आता झोपेतही सांगता आलं असतं. आयुष्यात ते चालकाच्या जागेवर कधी बसले नव्हते. गाडी बायको चालवायची. ते शेजारी बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचे आणि लेक मागून ऐकायची. बायको गेल्यावर ती गाडीही गेली.

विकाऊ गाड्या त्यांनी एकट्यानं जाऊन पाहिल्याही. एकीला गंज होता, एकीचा आरसा हलत होता, एकीचा मालक फार बोलत होता. त्यांचा डोळाच असा घडलेला की पानभर मजकुरात त्याला फक्त चूक दिसायची. प्रत्येक गाडीत काही ना काही सापडे, ते घरी परत येत, आणि उत्तर आणखी एक दिवस लांबणीवर पडे.

अशातच एका सकाळी धाकटी मेव्हणी आली. तिची खाली रोपवाटिका होती. हाताची नखं कायम मातीनं काळी, आणि जीभ तिच्या बहिणीसारखीच.

“भाऊजी, लेकीचा फोन आला होता मला,” ती चपला काढता काढता म्हणाली. “म्हणते, बाबा गप्प आहेत म्हणजे त्यांना नकोच असणार. ती खालची जागा घेतेय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी गाडी बघतोय.”

“कुठे बघताय? पुस्तकात?”

“प्रत्यक्षही बघितल्या. भरवशाची एकही नाही.”

“भरवसा म्हणजे काय हो तुमच्या मते? एक ओरखडा नाही, एक खोट नाही? ताईनं तुमच्याशी लग्न केलं तेव्हा एवढं बघितलं असतं तर?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“उठा,” ती म्हणाली. “आज दोघं मिळून बघू. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं.”

पहिली गाडी एका दुकानात होती. छपराखाली, दिव्यांच्या झोतात, नव्या नवरीसारखी. विक्रेता हात चोळत पुढे आला.

“आजोबा, डोळे मिटून घ्या ही.”

“डोळे मिटूनच घ्यायची तर एवढे दिवे कशाला लावलेत?” मेव्हणी म्हणाली.

त्यांनी पुढच्या झाकणावर तळहात टेकवला. ते गरम लागलं. “आज कुणी चालवली का?”

“छे. उन्हानं तापली असेल.”

त्यांनी वर छपराकडे पाहिलं. गार इंजिन कसं सुरू होतं हे कुणाला दिसू नये म्हणून ते आधीच तापवून ठेवतात, हे त्यांनी वाचलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून ते वाकले. गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग मारलेला. बोट लावलं तर बोट काळं झालं. पुढचे टायर नवे कोरे, मागचे गुळगुळीत.

“बडा घर पोकळ वासा,” रस्त्यावर आल्यावर मेव्हणी म्हणाली. “पण तुम्ही बघितलंत बरोबर.”

“चूक दिसते मला. त्यापलीकडे काही येत नाही.”

“ते मला ताईनं सांगितलं होतं.”

दुसरी गाडी एका जनावरांच्या डॉक्टरणीची होती. डॉक्टरीणबाई निवृत्त झालेल्या, गुडघे धरलेले, अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या. गाडी उभी होती ती चिखलाच्या रंगाचीच म्हणायची, कोपऱ्याकोपऱ्यांत चेपलेली. नमस्कार होतो न होतो तोच बाईंनी सांगायला सुरुवात केली.

“मागचं डावं दार आतून उघडत नाही. वळूनं लाथ मारली होती. चूक माझी होती, त्याची नव्हती. कडीचा तो भाग आता मिळत नाही, बाहेरून मात्र व्यवस्थित उघडतं. थंडीत दुसरा गिअर कुरकुरतो, त्याला जरा चुचकारावं लागतं. क्लच गेल्या वर्षी बदललाय. चारही टायर एकदमच घालते मी. एकाला नवं नि तिघांना जुनं असं केलं की आतल्या दातेरी चाकांची आपसात भांडणं लागतात. इंजिन गार ठेवलंय, तुम्हीच सुरू करा.”

मेव्हणीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, विचार केल्यासारखी थांबली आणि सुरू झाली.

त्यांनी मागच्या सीटवरचे पट्टे एकेक करून ओढून पाहिले. झटका दिला की घट्ट धरत होते. नातवंडांना पाय टाकायला पायरी किती उंच आहे ते पाहिलं. मग जरा धीर करून विचारलं, “आणखी काही?”

“कुत्र्याचा वास,” बाई म्हणाल्या. “तो जायचा नाही. माझ्याबरोबर फिरायचं ते. कुत्रं गेलं, वास राहिला.”

“राहू द्या,” ते म्हणाले. मग आपण हे का म्हणालो म्हणून कानकोंडे झाले.

बाईंनी गाडी घरापर्यंत नेऊन बघायची मोकळीक दिली. वाटेत मेव्हणीनं रोपवाटिकेपाशी थांबून मातीची पोती चढवली, मागच्या सीटवर आणि त्यामागेही. “रिकामी गाडी कुठलाही चढ चढते,” ती म्हणाली. “पोरं, दप्तरं, आठवड्याचं सामान धरून चढली तर ती खरी.” तिच्या शेजारच्या सीटवर तिनं कुंड्या ठेवल्या, म्हणून ते मागे, डाव्या बाजूला, पोत्याला खेटून बसले. खिशात पुस्तक होतंच. ते त्यांनी काढलं.

“आता वाचणार?”

“या गाडीत ताईला ऐकू आलं असतं का ते बघतोय,” ते म्हणाले, आणि मोठ्यानं वाचू लागले.

चढ सुरू झाला. रात्रीच्या पावसानं रस्ता ओला होता. घराच्या खालच्या अंगाला, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीपाशी, एक आडवं वळण होतं. तिथे बायको गिअर उतरवायची, जुनी गाडी गुरगुरायची आणि शब्द ऐकू येईनासे व्हायचे. मग ते बोटाची खूण ठेवून थांबत. वळण सरलं की मागून लेक विचारायची, “मग?”

मेव्हणीनं वळणाआधीच दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला. गाडी चिखलात एकदा सरकली, सावरली आणि ओझ्यासकट वर निघाली. आवाज एवढा कमी होता की वाचन थांबवायचं काही कारण नव्हतं. तरी ते थांबले. बोटाची खूण धरली. वळण सरलं.

कुणी ‘मग?’ म्हटलं नाही.

“भाऊजी, झोप लागली का?” मेव्हणीनं विचारलं.

“नाही.”

अंगणात गाडी उभी करून ती उतरली. “मोरीवरचा दगड सुटलाय की काय बघून येते,” म्हणाली आणि चालत खाली गेली. त्या दाराची गोष्ट ती विसरूनच गेली होती. त्यांनी दाराची कडी ओढली. ती हातात नुसतीच हलली. दुसऱ्या बाजूला पोती होती, पुढे कुंड्या. काच खाली करून हाक मारता आली असती. पण मोठ्यानं हाक मारायची म्हणजे त्यांना आधी वाक्य जुळवावं लागे.

म्हणून ते बसून राहिले. समोर त्यांचंच घर होतं. अशा जागेवरून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. वरच्या दोन खोल्यांच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दारापाशी एकच चपलांचा जोड. खुंटीवर एकच छत्री. कुणी गाडीतून आलं आणि या सीटवरून बाहेर बघू लागलं, तर त्याला काय वाटेल? आतलं माणूस आपल्याला बोलावतंय असं वाटायला एकही खूण नव्हती. आणि दार तर बाहेरूनच उघडणारं. आत बसलेल्यानं कितीही कडी हलवली तरी काय होणार?



मेव्हणी परत आली, काचेतून त्यांचा चेहरा बघितला आणि कपाळावर हात मारला. बाहेरून दार उघडलं. “अहो, तोंडाला कुलूप आहे का? हाक मारायची ना.”

“घेऊ या ही,” ते म्हणाले.

“पण दार? गिअर? वास?”

“बाईंनी सगळं आधीच सांगितलंय. पुस्तक छापून झालं आणि चूक कळली की आम्ही शुद्धिपत्र लावायचो. त्यानं पुस्तक वाईट ठरत नाही.” मग थांबून त्यांनी हळूच विचारलं, “लेकीला गाडी बघायला माझी काय गरज होती गं? तिला गाड्यांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या आईनंच शिकवलंय.”

मेव्हणी मातीचं पोतं उचलत होती. ते तिनं पुन्हा खाली ठेवलं. “झालं का वाचून पत्र?” ती म्हणाली. “ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तिला कुणाकडून लागली असेल?”

दुपारपर्यंत व्यवहार झाला. मेव्हणीनं गाडी अंगणात आणून लावली. फोन करून लेकीला कळवते म्हणाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

“एवढंच सांग, घरमालकाला उत्तर द्यायच्या आधी टपाल बघ म्हणावं. बाकी मी लिहितो.”

ती गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्यांनी वरच्या खोल्यांचे पडदे काढले, खिडक्या उघडल्या. एक खिडकी फुगली होती, तिला खांदा लावावा लागला. मग शब्दकोशाखालचं पत्र काढून समोर ठेवलं आणि लिहायला बसले.

‘गाडी घेतली आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘दिसायला बरी नाही. थंडीत दुसरा गिअर कुरकुरतो. कुत्र्याचा वास येतो, तो जाणार नाही. घराबद्दलही सांगितलेलं बरं. वरच्या खोलीची एक खिडकी नीट लागत नाही. माझ्याबद्दल तुला माहीत आहेच. मी कमी बोलतो आणि मुलांशी काय बोलावं ते मला सुचत नाही. वाचून मात्र दाखवता येईल. वळणावरही ऐकू येतं. मागचं डावं दार आतून उघडत नाही. धाकट्याला तिथे बसव. उघडायला मी बाहेर उभा असेन.’

थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘मला संकोच नाही. मला तुम्ही हवे आहात.’ हे वाक्य त्यांनी कितीतरी वेळा वाचलं. खोडायला पेन्सिल उचलली आणि परत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालतच खाली निघाले. गाडी अंगणात उभी होती, पण ती चालवायला अजून कुणी आलं नव्हतं. मोरीपाशी चिखलात कालच्या चाकांच्या खुणा होत्या, वर गेलेल्या. पायथ्याशी टपालपेटी होती. त्यांनी पाकिटावरचा पत्ता एकदा तपासला, फटीत पाकीट सरकवलं आणि आत पडेपर्यंत हात तिथेच ठेवला.